विटांवरचा लोणा : सुरतेतील एका बागेच्या भिंतीची हकिगत

रसायनशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला नातेवाईक सहसा एकच प्रश्न विचारतात : अमुक डाग कशाने जाईल? शाईचा, हळदीचा, गंजाचा, फरशीवरचा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत सुरतेहून दाजींचा फोन आला तेव्हा प्रश्न होता बागेच्या भिंतीवरील पांढऱ्या डागांचा. मी आरामखुर्चीत बसून, भिंत न पाहता, विटेला हात न लावता उत्तर देऊन टाकले, "वीट कच्ची असणार. नीट भाजलेली नसेल. गवंड्याने वीट पारखून घ्यायला हवी होती." फोन ठेवला आणि विसरून गेलो. या तीन वाक्यांची किंमत कोणी मोजली ते पुढे येईलच.

आमची अक्का आणि दाजी तीस वर्षे सुरतेत आहेत. आपल्याकडे सुरत म्हटले की १६६४ व १६७० च्या शिवछत्रपतींच्या स्वाऱ्या तेवढ्या आठवतात. परंतु आजच्या सुरतेत मराठी माणूस, विशेषतः खानदेशातला, फार मोठ्या संख्येने राहतो. उधना ते जळगाव या तापीकाठच्या लोहमार्गाने येऊन कापड गिरण्यांत, रंगाईच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर तो स्थिरावला. दाजी एका गिरणीत हिशेबनीस होते. निवृत्तीनंतर त्यांनी शहराच्या नैऋत्येला, डुमसच्या दिशेने, लहानसे घर बांधले. पुढे बाग, आणि बागेला उघड्या विटांची, म्हणजे गिलावा न केलेली, सुमारे चाळीस फूट लांबीची भिंत. लाल विटा आणि त्यांमधील दर्जांच्या सरळ रेषा दिसाव्यात अशी दाजींची हौस. भिंत एप्रिल-मेमध्ये बांधून झाली. पावसाळ्यात छान दिसली. दसऱ्यानंतर उन्हे पडू लागली तशी तिच्यावर पिठूळ पांढरी झाक आली आणि दिवाळीपर्यंत पीठ सांडावे तसे थर दिसू लागले.

यालाच आपण लोणा म्हणतो. शब्द मोठा सार्थ आहे. संस्कृतातील लवण म्हणजे मीठ. त्यापासून लोण, लोणार, लोणचे आणि हा लोणा. (लोणी मात्र या कुळातले नव्हे; ते नवनीतापासून आले.) गुजरातीतही भिंतीला 'लूणो' लागतो. आपल्या सीमाभागातील वाचकांना तर ही गोष्ट शेतातून ठाऊक आहे. शिरोळ, रायबाग, अथणी या भागांत उसाला पाणी देऊन देऊन जमिनी पांढऱ्या पडल्या. मराठीत आपण त्यांना क्षारपड म्हणतो आणि आपले कन्नड भाषक मित्र सवळु म्हणतात. शेतात जे घडते तेच भिंतीत उभे राहून घडते, एवढेच.

जानेवारीत भाचीच्या साखरपुड्यासाठी मी सुरतेला गेलो, तेव्हा दाजींनी तोवर केलेल्या उपायांचा पाढा वाचला. पहिला उपाय पाण्याचा. नळी लावून भिंत स्वच्छ धुतली. पांढरे सगळे विरघळून गेले, भिंत लालबुंद झाली, आणि पंधरा दिवसांत पूर्वीपेक्षा जास्त पांढरी झाली. दुसरा उपाय न्हाणीघर धुण्याच्या अ‍ॅसिडचा. ते ओतले तेव्हा दर्जांतून फेस आला, दाजींना वाटले काम होत आहे. प्रत्यक्षात सिमेंटच खाल्ले जात होते. विटांवर पिवळसर ओघळ उमटले आणि पांढरेपणा तसाच राहिला. तिसरा उपाय होऊ घातला होता. रंगाच्या दुकानदाराने पारदर्शक लेपाचे दोन डबे दिले होते आणि ते जिन्याखाली तयार होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. दाजी आतूनच म्हणाले, "आला बघ तुझा कच्च्या विटांचा गवंडी." तेव्हा मला कळले की माझ्या फोनवरच्या निदानाच्या आधारे दाजींनी त्याचा शेवटचा हप्ता, आठ हजार रुपये, अडवून ठेवला होता. "आमचा मेहुणा केमिस्ट्रीचा प्रोफेसर आहे, त्याने सांगितलंय," असे त्याला स्पष्ट सांगितले होते. तो तीन महिने दर रविवारी येत होता.

मी बाहेर गेलो. माणूस पन्नाशीचा, धुळ्याकडचा. भांडला नाही. फक्त म्हणाला, "भाऊ, फाटकाचे दोन्ही खांबसुद्धा मीच बांधले. वीट तीच, माल तोच, पाणी तेच. खांबांना काही झालं नाही. ते एकदा बघून घ्या."

मी पाहिले. दोन्ही खांब स्वच्छ होते. भिंतीपासून तीन हातांवर, त्याच विटांचे, त्याच आठवड्यात बांधलेले, आणि त्यांवर पांढरा ठिपकासुद्धा नाही. वीट दोषी असती तर खांब कसे सुटले असते? वर्गात आपण तुलनात्मक प्रयोग म्हणून जे शिकवतो, ते या माणसाने फाटकात उभे राहून माझ्यापुढे मांडले होते. मला चांगलेच ओशाळल्यासारखे झाले. त्या दिवशी मी भिंत खऱ्या अर्थाने प्रथम पाहिली.

पाहिल्यावर जे दिसले ते असे. भिंतीच्या आतल्या अंगाला लागून मातीचा उंच वाफा होता, दीड-दोन फूट भरावाचा. त्यात गुलाब, मोगरा, जास्वंद. पांढरा पट्टा वाफ्याच्या मातीच्या वर साधारण हातभर उंचीवर सर्वांत दाट होता. त्याच्या वर विरळ होत जाऊन संपला होता. रस्त्याच्या बाजूनेही तोच पट्टा, तेवढ्याच उंचीवर. वाफ्याच्या शेवटच्या सहा-सात फुटांत अक्काने अजून काही लावलेले नव्हते, म्हणून तिथे पाणी घालत नव्हते; त्यामागची भिंत जवळजवळ स्वच्छ. आणि खांबांच्या पायाशी वाफा नव्हताच, फरशी होती.

आता यामागील रसायन. लोणा दिसण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : विटेत, मालात किंवा मातीत विद्राव्य क्षार, ते वाहून नेणारे पाणी, आणि पाणी उडून जाईल असा उघडा पृष्ठभाग. तिन्हींपैकी एक काढून घ्या, लोणा थांबतो. वीट म्हणजे बारीक नळ्यांचे जाळे. टीपकागदाचे टोक शाईत बुडवले की शाई वर चढते, तसे केशाकर्षणाने पाणी विटेत चढते. चढताना विरघळलेले क्षार सोबत नेते. पृष्ठभागाशी येऊन पाणी वाफ होऊन जाते. क्षारांना वाफ होता येत नाही, ते मागे राहतात आणि स्फटिकरूपाने साचतात. मातीलगतची वीट सतत ओली असल्याने तिथे स्फटिक बनत नाहीत. फार वर पाणी पोहोचतच नाही. ओलावा आणि कोरडेपणा यांची जिथे गाठ पडते तिथे पांढरा पट्टा उमटतो. म्हणून पांढऱ्या पट्ट्याची उंची पाहिली की पाणी कुठून येते आणि कुठवर चढते याचा नकाशाच हाती येतो. दाजी तो नकाशा धुऊन टाकीत होते.

धुतल्याने लोणा का वाढतो, हेही यातच आले. नळीच्या पाण्याने पृष्ठभागावरचा क्षार विरघळतो. थोडा ओघळून खाली वाफ्यातच जातो, बराचसा विटेत परत शोषला जातो आणि त्याच्या जोडीला नवे पाणी मिळते. कोरडे ऊन पडले की सारे पुन्हा बाहेर. पावसाळ्यात लोणा नाहीसा झाल्यासारखा वाटतो तोही याच कारणाने. साधे मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर हवेतील ओल ओढून पाघळते. सुरतेच्या पावसाळी हवेत आर्द्रता याहून अधिक असते, म्हणून मीठ भिंतीत द्रावण होऊन दडून बसते आणि कार्तिकात हवा कोरडी झाली की पुन्हा स्फटिक धरते.

मी भिंतीवरची पांढरी पूड कोरड्या ब्रशाने खरवडून कागदाच्या पुडीत घेतली. वाफ्याची मूठभर माती, बोअरच्या पाण्याची एक बाटली आणि घरामागे झाकून ठेवलेल्या शिल्लक विटांपैकी दोन विटा पिशवीत घातल्या. सुरतेहून लोक साड्या आणतात, घारी आणतात. विटा आणणारा मीच पहिला असेन. सहप्रवाशांनी मला खुळ्यातच काढले.

आपल्या प्रयोगशाळेत पुढील कसोट्या घेतल्या. यांतील एकही बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापलीकडची नाही, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. पूड ऊर्ध्वपातित पाण्यात टाकली. बहुतेक सारी विरघळली. थोडा गाळ उरला, त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकताच बुडबुडे आले : तो कॅल्शियम कार्बोनेट. गाळलेल्या द्रावणाच्या एका भागात आम्ल घालून बेरियम क्लोराइड टाकले. आम्लात न विरघळणारा पांढरा अवक्षेप आला : सल्फेट. दुसऱ्या भागात नायट्रिक आम्ल व सिल्व्हर नायट्रेट टाकले. दह्यासारखा पांढरा अवक्षेप, अमोनियात विरघळणारा : क्लोराइड. नायट्रेटसाठी तपकिरी वलयाची कसोटी घेतली, वलय अगदी पुसट आले. प्लॅटिनमच्या तारेवर पूड धरून ज्योत पाहिली. सोनेरी पिवळी, म्हणजे सोडियम. थोडक्यात, मुख्यतः सोडियमचे सल्फेट व क्लोराइड. वाफ्यातील माती पाण्यात घोटून गाळली, तिनेही याच खुणा दिल्या. बोअरच्या पाण्यानेही दिल्या.

नायट्रेटवरून एक आठवण सांगण्याचा मोह आवरत नाही. जुन्या गावांत गोठ्यांच्या आणि पडक्या घरांच्या मातीच्या भिंतींवर जो लोणा येतो त्यात शेणमुतातून बनलेला नायट्रेट बराच असतो. तो खरवडून, पाण्यात उकळून सोरा काढीत. सोरा हा बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक. सतराव्या शतकात इंग्रज व डच वखारवाले सुरतेहून जो माल युरोपात पाठवीत त्यात हा सोराही असे. आज आपण ज्याला डाग म्हणतो त्याच्यासाठी तेव्हा जहाजे भरत. असो.

आता विटेची परीक्षा. यासाठी भारतीय मानक ३४९५ च्या तिसऱ्या भागात (१९९२) फार सोपी पद्धत सांगितली आहे. पसरट भांड्यात २५ मिलिमीटर खोल ऊर्ध्वपातित पाणी घेऊन वीट त्यात उभी ठेवायची, हवेशीर खोलीत २० ते ३० अंश तापमानाला पाणी विटेत शोषले जाऊन उडून जाऊ द्यायचे. वीट कोरडी झाली की तेवढेच पाणी पुन्हा घालून तीच क्रिया पुन्हा करायची आणि मग वीट पाहायची. पृष्ठभागाच्या १० टक्क्यांपर्यंत पातळ थर असेल तर 'किंचित', ५० टक्क्यांपर्यंत असून पूड किंवा पापुद्रे सुटत नसतील तर 'मध्यम', त्याहून अधिक असेल तर 'भारी', आणि पापुद्रे निघू लागले तर 'गंभीर'. सामान्य बांधकामाच्या विटांना 'मध्यम'पर्यंत मुभा आहे. मी एक वीट ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवली. तिच्या कडेला पुसट पांढरी रेघ आली, 'किंचित' या वर्गातली. दुसरी वीट सुरतेच्या बोअरच्या पाण्यात ठेवली. तिच्यावर सुरतेच्या भिंतीचीच प्रतिकृती उमटली. दोन्ही विटा अजून प्रयोगशाळेच्या खिडकीत आहेत, कोणीही येऊन पाहाव्यात.

वीट सर्वस्वी निर्दोष असते असे मात्र नाही. भट्टीतील कोळशात गंधक असते, मातीतही असते. त्यांपासून विटेत सल्फेटे तयार होतात. सिमेंटमध्येही अल्कली क्षार असतात. म्हणून नव्या उघड्या विटांच्या भिंतीवर पहिल्या कोरड्या ऋतूत हलकासा पांढरेपणा बहुधा येतोच. तो अंगच्या क्षाराचा. साठा मर्यादित असल्याने एक-दोन पावसाळ्यांत आपोआप उतरतो. नव्या नवरीची हळद म्हणावी तसा तो प्रकार आहे, त्यावर उपाय करू नये. दाजींच्या भिंतीचे तसे नव्हते. तिला बाहेरून रोज खुराक मिळत होता.

किती खुराक, याचा हिशेब पाहा. मी बोअरचे लिटरभर पाणी आटवले तर तळाशी साधारण दोन ग्रॅम पांढरा अवशेष राहिला. पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले पदार्थ लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा पर्याय नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत, असे आपले मानक (१०५००, सन २०१२) म्हणते. म्हणजे हे पाणी त्या शेवटच्या मर्यादेशी टेकलेले. अक्का वाफ्याला रोज सुमारे चाळीस लिटर पाणी घालते. चाळीस लिटर गुणिले दोन ग्रॅम, रोज ८० ग्रॅम मीठ. पावसाळ्याचे चार महिने सोडून उरलेल्या २४० दिवसांत १९ किलो २०० ग्रॅम. झाडे पाणी घेतात, मीठ जवळजवळ घेत नाहीत. ऊनही पाणीच नेते. त्यावर गुलाबासाठी टाकलेले अमोनियम सल्फेट आणि पोटॅश वेगळे. बांधकामालाही हेच पाणी वापरले होते, पण ते एकदाच. म्हणून खांब स्वच्छ राहिले.

समुद्राजवळच्या सुरतेत भूजल मचूळ असणे नवलाचे नाही. तापीच्या मुखाकडून भरतीचे पाणी आत येते. १९९५ साली सिंगणपोर येथे बंधारा झाला, त्याच्या वरच्या बाजूस गोडे पाणी अडले. खालच्या बाजूस भरती-ओहोटी चालूच आहे. या किनाऱ्यावर दक्षिणेकडे थोडे अंतर गेले की दांडी लागते, जिथे गांधीजींनी ६ एप्रिल १९३० रोजी मूठभर मीठ उचलले. ज्या मातीतून मीठ उचलता येते त्या मातीवर बाग करायची तर विटांनी लाल राहावे कसे?

आता गवंड्याकडे वळू, कारण त्याच्या कामाची आणखी एक साक्ष निघाली. जोत्याच्या पातळीवर त्याने ओल अडविणारा थर नीट घातला होता. सिमेंट काँक्रीट आणि त्यावर डांबर. जमिनीतील ओल या थराच्या वर चढू शकत नाही. पण भिंत पुरी झाल्यावर माळ्याकडून जो वाफा भरला तो या थराच्या दीड फूट वर! दाराला कुलूप घालून खिडकी सताड उघडी ठेवावी, तसे झाले. थर खाली कोरडा राहिला आणि ओली माती त्याच्या डोक्यावरून विटेला चिकटून बसली. वाफा कोणी सांगितला? दाजींनी. वीट कच्ची कोणी ठरवली? मी.

पारदर्शक लेपाचे डबे मी परत करावयास लावले. लेपाने वाईट ते काय होते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. क्षार पृष्ठभागावर साचतो तोवर तो फक्त दिसायला वाईट. पृष्ठभाग बंद केला आणि मागून पाणी येतच राहिले, तर स्फटिक लेपाच्या मागे, विटेच्या छिद्रांत वाढू लागतात. सोडियम सल्फेटचे वागणे यात विशेष घातक आहे. ३२.४ अंश सेल्सिअसच्या वर ते निर्जल स्फटिक म्हणून राहते. त्याखाली पाणी मिळाले तर दहा रेणू स्फटिकजल घेऊन जवळजवळ चौपट जागा व्यापते. सुरतेच्या हिवाळ्यात उन्हाने भिंत दुपारी या तापमानाच्या वर जाते आणि रात्री बरीच खाली येते. विटेच्या बारीक छिद्रात ही उलाढाल रोज झाली की विटेचा चेहराच पापुद्र्यासारखा सुटतो. दगड-खडीचा टिकाऊपणा तपासण्यासाठी प्रयोगशाळेत सोडियम सल्फेटच्याच द्रावणात ती वारंवार भिजवून वाळवतात, ते या त्याच्या गुणामुळेच.

या रोगाचा सर्वांत मोठा रुग्ण मोहेंजोदडो आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या भाजक्या विटा मातीखाली सुरक्षित होत्या; १९२२ पासूनच्या उत्खननात उघड्या पडल्या आणि सिंधूकाठच्या खाऱ्या भूजलाने त्यांना ग्रासले. तेथेही मुख्य शत्रू सोडियम सल्फेटच. युनेस्कोने १९७४ ते १९९७ आंतरराष्ट्रीय मोहीम चालविली. भूजल उतरविण्यासाठी नलिकाकूप खोदले, आणि भिंतींवर मातीचा लेप देण्याची पद्धत अवलंबिली, जेणेकरून क्षार विटेत न साचता लेपात यावा आणि लेपासह झडून जावा.

हेच तत्त्व मी त्याच मुक्कामात कतारगामला पाहिले होते. तेथील डच व इंग्रज दफनभूमींत सतराव्या शतकातील घुमटांच्या भव्य कबरी आहेत. बांधकाम विटांचे, वर चुन्याचा गिलावा. डचांच्या बाजूस हेंड्रिक व्हान ऱ्हीड याची कबर आहे; 'हॉर्टस मलबारिकस' या मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांच्या ग्रंथाचा हा कर्ता, १६९१ साली वारला. त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र छापलेले आहे, म्हणून आपल्याला त्याच्याविषयी थोडी आपुलकी वाटावी. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. तो ओलीला बाहेर जाऊ देतो, क्षार स्वतःच्या अंगावर घेतो, झिजतो, आणि पुन्हा करता येतो. वीट मागे वाचते. सिमेंटचा घट्ट गिलावा असा त्याग करीत नाही. तो ओल कोंडतो आणि ती आणखी वर चढते. जुन्या वाड्यांना सिमेंटचा गिलावा देऊन लोणा बंद झाला असे सांगणाऱ्यांनी दोन वर्षांनी पुन्हा जाऊन पाहावे.

दाजींच्या भिंतीवर जे केले ते फारसे खर्चाचे नव्हते. प्रथम वाफा भिंतीपासून फूटभर मागे घेतला. मधल्या जागेतील माती थराच्या खाली जाईपर्यंत काढली, तळाशी पाणी वाहून जाण्यास उतार दिला आणि ती जागा जाड खडीने सैल भरली. वाफ्याला स्वतःची बुटकी कड बांधली. बोअरचे पाणी बागेला बंद. पालिकेच्या नळाचे, तेही बेताने. भिंतीच्या माथ्यावर उतार दिलेली, दोन्हीकडे थोडी पुढे आलेली फरशी बसविली, कारण पावसाचे पाणी वरूनही मुरते. मग कोरड्या दिवसांत, आठवड्यातून एकदा, ताठ केसांच्या कोरड्या ब्रशाने पूड झाडायची. तारेचा ब्रश नको, तो विटेची भाजलेली त्वचा ओरबाडतो. खाली कागद पसरून पूड गोळा करायची आणि बाहेर टाकायची. ती पायाशी पडू दिली तर पहिल्या सरीबरोबर पुन्हा भिंतीतच. जिथे थर हट्टी होता तिथे जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात भिजवून दोन बोटे जाड थापला आणि पूर्ण वाळल्यावर सोलून काढला; क्षार लगद्यात उतरतो. असे तीनदा केले.

पाण्याने न जाणारा, दर्जांखाली ओघळलेला जो कार्बोनेटचा थर होता, त्याला फक्त आम्ल लागते. त्यातही भिंत आधी साध्या पाण्याने भिजवायची, आम्ल खूप सौम्य करून (आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नव्हे), हातमोजे व चष्मा घालून ओघळापुरतेच लावायचे आणि लगेच धुवायचे. कोरड्या विटेवर तीव्र आम्ल ओतले तर ती ते शोषते, त्यातून नवी क्लोराइडे बनतात आणि विटेतील लोह पिवळे डाग देते. दाजींच्या पिवळ्या ओघळांना मात्र माझ्याकडे इलाज सापडला नाही. ते अजून आहेत.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष मी फेब्रुवारीत दाजींना फोनवर न सांगता पत्राने लिहून कळविले, आणि माझे दिवाळीतले उत्तर चुकीचे होते हे पहिल्याच वाक्यात लिहिले. आठ दिवस उत्तर नाही. मग अक्काचा फोन आला की होळीच्या आदल्या दिवशी त्यांनी गवंड्याला बोलावून आठ हजार दिले, आणि वाफा मागे घेण्याचे कामही त्यालाच सांगितले. त्या कामाची मजुरी त्याने रोजाने घेतली, पैसा जास्त नाही. मधल्या चार महिन्यांत त्याने मुकादमाकडून उचल घेतली होती आणि तिचे व्याज भरले होते, हे मला नंतर कळले. ते व्याज कोणी द्यावयाचे हा प्रश्न मी दाजींपुढे काढला नाही. मी स्वतः द्यायला हवे होते. तेही माझ्याकडून झाले नाही.

गेल्या दिवाळीत पुन्हा सुरतेला गेलो होतो. पट्टा बराच फिका पडला आहे. विटांत शिरलेला क्षार पुरता निघायला आणखी दोन-तीन पावसाळे लागतील. फक्त बागेतल्या नळामागे तळहाताएवढा नवा पांढरा डाग दिसला. मी वाकून पाहत होतो, तेवढ्यात अक्का म्हणाली, "नळ गळतोय. वॉशर बदला म्हणून पंधरा दिवस सांगते आहे." दाजी वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "रविवारी बघू."